उजनी किती टक्के?

जुलै लागला की सोलापुरात चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, 'दौंडचा विसर्ग किती?' म्हणजे दौंडपाशी भीमेतून उजनी धरणाकडे किती पाणी येतंय. आपल्याकडे पाऊस पडला का, हे नंतर. भीमा भरते ती घाटमाथ्यावर, भीमाशंकरपासून मावळ-मुळशीपर्यंत. सोलापूर पडलं पर्जन्यछायेत. 1871 साली इंग्रजांनी हिप्परग्याचा एकरुख तलाव पुरा केला, तोही याच कोरडेपणापायी.

टक्क्यांची भाषा मात्र उजनीने शिकवली. माढा तालुक्यातलं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला 63 च्या पुढे मृतसाठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी, आणि उपयुक्त जेमतेम 53. त्यामुळे आकडा शून्यावर आला तरी धरणात नजर पोचेल तिथवर पाणी असतं, आणि उन्हाळ्यात उजनी 'उणे'त जाते. मग इंदापूरकडे पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ शिखरापासून हळूहळू वर येतं. ते बघायला गर्दी होते. आपण दुष्काळाचीही सहल करतो!

धरणानंतर खालची भीमा वाहते कमी, सोडली जाते जास्त. सोलापूर शहराला पाणी देणारा औज बंधारा भरायचा तर पाणी नदीतूनच सोडावं लागतं. वाटेत निम्मंशिम्मं वाळू पिते, काठचे पंप ओढतात. पंढरपुरात हीच नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. आषाढीला वारकऱ्यांना स्नान घडावं म्हणूनही उजनीचे दरवाजे उघडतात. पुराचं गणित वेगळं. वीर धरणातून सुटलेली नीरा उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेला मिळते. दोन्हीकडून विसर्ग आला की पंढरपूरच्या वाळवंटातलं, म्हणजे नदीपात्रातल्या वाळूतलं, पुंडलिकाचं मंदिर पाण्यात जातं.

भक्तीची घाण वेगळी मोजावी लागते. वाळवंटातले तंबू आणि त्यांच्यामागची अस्वच्छता हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, तेव्हा कुठे वारकऱ्यांचा तळ पलीकडच्या 65 एकरांवर हलला. 2016 मध्ये 'नमामि चंद्रभागा'ची घोषणाही झाली. पण नदी पंढरीत पोचण्याआधीच मळलेली असते. पिंपरी-चिंचवडचं पाणी घेऊन आलेली इंद्रायणी तुळापूरला मिळते, पुण्याचं घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसला, आणि ते सगळं उजनीत साचतं. उन्हाळ्यात काठाला हिरवी साय धरते.

या सांडपाण्याचीही वाटणी निघाली, ती एप्रिल 2021 मध्ये. पुण्याकडून उजनीत येणारं 5 टीएमसी सांडपाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला उचलू द्यायचा आदेश निघाला आणि सोलापूर जिल्हा पेटला. एरवी ज्या पाण्याला आपण नाकं मुरडतो, त्याच्यासाठी लोक भर कोरोनात आंदोलनाला बसले. मे महिन्यात आदेश रद्द झाला. पुढच्याच वर्षी उजनीतून पाणी उचलणाऱ्या इंदापूरच्या लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळाली, आणि तीच माणसं पुन्हा रस्त्यावर आली.