टाच, भोवरी आणि चपलेचं गाव

सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ जाते आणि दहा-वीस पावलं चाललं की जरा बरं वाटतं, हे ज्याला होतं त्याला पुढचं सांगायला नको. आमच्या कोल्हापुरात याला सरसकट 'टाचेचं हाड वाढलंय' म्हणतात. पण बहुतेक वेळा हाडाचा दोष नसतोच, टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जो जाड पट्टा जातो तो ताणून ताणून दुखायला लागलेला असतो, एक्सरेत हाडाचं टोक दिसतं म्हणून बिचाऱ्या हाडावर आळ. तसलं टोक काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या टाचेतही सापडतं.

साधारण दहातल्या एकाला आयुष्यात कधीतरी ही टाचदुखी होते. पंचेचाळिशीच्या पुढं तर, वेगवेगळ्या देशांतले सर्व्हे एकत्र करून बघितले तेव्हा, चौघांतल्या एकाचा पाय वारंवार दुखत होता, आणि त्यात बायका जास्त. वजन वाढलेले, दिवसभर कडक फरशीवर उभे राहणारे, शुगरवाले, यांचा नंबर आधी लागतो.

आजीच्या पिढीची यादी वेगळी होती. काटा मोडलेला, भेगा, रोप लावणीत दिवसभर चिखलात राहून झालेल्या चिखल्या, आणि नारू. नारू म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन पोटात जाणारा किडा, वर्षभरानं बहुतेक पायातूनच बाहेर यायचा आणि मग काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. भारतात त्याचा शेवटचा पेशंट 1996 चा, 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

मग चप्पल-बुटानं पाय बिघडतो का? 1958 साली हाँगकाँगमध्ये बूट घालणारे आणि होडीवर राहणारे अनवाणी लोक असे दोन्ही तपासले, तर अंगठा बाजूला वाकण्याचं प्रमाण बूटवाल्यांत 33 टक्के आणि अनवाण्यांत 2 टक्क्यांच्या आतच. नंतर 1992 साली आपल्याच दक्षिण भारतातल्या 2300 पोरांचे पायाचे ठसे घेतले, सपाट पाय चप्पल-बूटवाल्यांत 8.6 टक्के, अनवाण्यांत 2.8, आणि त्यातही बंद बूटवाल्यांत सगळ्यात जास्त, सँडल-स्लिपरवाल्यांत कमी. हे वाचून कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या महाद्वार रोडवर कुणी छाती फुगवली तर त्याचं फार चुकणार नाही 😄 (कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे ठराविक भागाचीच वस्तू असल्याचा सरकारी शिक्का, मिळाला, पण तो पायाला चांगली म्हणून नव्हे.)

खरा धोका मात्र न दुखणाऱ्या पायाला. शुगर आणि पायाची जखम यांचा संबंध 1887 मध्ये प्राइस नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं लिहून ठेवला होता. आणि 1946 ला वेल्लोरला आलेल्या पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना दाखवून दिलं की बोटं रोगानं आपोआप सडत नाहीत, बधिर पायाला दुखापत कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, तिथून पाय जातो. म्हणून तर मऊ रबराच्या, मागं पट्टा असलेल्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला आल्या. आज तेच ज्ञान शुगरवाल्यांना लागू पडतं, आणि 2023 च्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार देशात असे 10 कोटींच्या वर लोक आहेत, आणि शुगरवाल्या शंभरात 19 ते 34 जणांना आयुष्यात कधीतरी पायाला जखम होते असा जगभरातला अंदाज.

आता आपल्याकडं बघा. नवी कोल्हापुरी चावते, दुकानदार म्हणतो तेल लावा, चार दिवसांत बसंल पायाला, आणि ते खरंही असतं, पण ज्याचा पाय बधिर आहे त्याला चावलेलं कळतच नाही. चैत्रात जोतिबाला भर उन्हात तापलेल्या दगडावर अनवाणी चालणाऱ्या शुगरच्या काकांना फोड आल्याचं कळतं ते रात्री घरी फरशीवर रक्त दिसल्यावर.