वास्कोतील नवी मंडळी आणि चार शतकांचा वारसा

गोव्यातील वास्को-द-गामासारख्या शहरात नवी ख्रिस्ती मंडळी उभी करू पाहणाऱ्या पाळकाला, उपासना कोणत्या भाषेत चालवायची, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. मुरगाव बंदर, रेल्वे, नौदल आणि परिसरातील कारखाने यांच्यामुळे कोकणी, मराठी, कन्नड, तेलुगू व हिंदी बोलणारी कुटुंबे येथे एकाच वाड्यात राहतात. हा प्रश्न आजचा वाटला, तरी त्याची मुळे खोल आहेत.

1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने गोव्यातील तिसवाडी जिंकली आणि पुढे शेजारच्या बार्देश व साष्टी या भागांत धर्मप्रसार राज्यसत्तेच्या बळावर झाला. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, 1560 मध्ये आले आणि अखेर 1812 मध्ये संपुष्टात आले. वास्कोपासून जवळच असलेल्या कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी याच काळात झुआरी नदीपलीकडे, फोंड्याच्या मुलखात नेला. ही आठवण आजही जिवंत आहे, आणि शेजाऱ्यांचा विश्वास मिळवू इच्छिणाऱ्या कोणत्याही नव्या मंडळीने ती प्रामाणिकपणे मान्य करायला हवी, असे मला वाटते.

त्याच काळात एक वेगळी वाटही दिसते. 1579 मध्ये गोव्यात आलेले जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स साष्टीत राहिले, लोकांची भाषा शिकले, आणि 1616 मध्ये राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ग्रंथ मराठीत, ओवीबद्ध, अक्षरे मात्र रोमन. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना येशूची कथा त्यांच्याच छंदात सांगण्याचा हा प्रयत्न होता. पुढे 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा आदेश दिला आणि ही वाट बरीच अरुंद झाली.

1961 मध्ये गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यानंतर दोन बदल एकामागोमाग आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनऐवजी कोकणीत मीस, म्हणजे मुख्य उपासनाविधी, होऊ लागली. दुसरीकडे, कामधंद्यासाठी आलेल्यांसोबत प्रोटेस्टंट परंपराही आल्या, कारण कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या भागांत एकोणिसाव्या शतकापासून मिशनांचे काम होते. मराठी कुटुंबांनी येताना ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनेही आणली. अशा मंडळ्या बहुधा घरातील प्रार्थनेपासून सुरू होतात, मग भाड्याचा हॉल येतो. पेटी आणि ढोलकीवर एक मराठी भजन, त्यामागून कन्नड गीत, आणि हिंदी प्रवचनाचे वाक्यागणिक भाषांतर. फिर्गजेतील, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतील, जुने कॅथलिक त्यांना ‘बिलिव्हर’ म्हणतात, आणि त्या संबोधनात दुरावा असतो. जमिनीचे भाव चढे असल्याने स्वतःची वास्तू लांबच राहते. याहून निकडीचा प्रश्न मुलांचा आहे: वास्कोत वाढलेली ही पिढी घरी मराठी किंवा कन्नड ऐकते, रस्त्यावर हिंदी-कोकणी बोलते आणि शाळेत इंग्रजीत शिकते, त्यामुळे आईवडिलांची गीते तिच्यासाठी कोणत्या भाषेत गायची, याचा निर्णय आता मंडळीच्या वडीलजनांना घ्यावा लागणार आहे.