रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चार-पाच सिरियल डिव्हाइस (एकेक बिट तारेवरून पाठवणारी, वजनकाटा-मीटरसारखी): घोळ नेमका कुठून सुरू झाला

सिरियल जोडणीचं जुनं मानक आरएस-२३२ १९६० चं, त्यात एका केबलला दोन टोकं आणि दोनच डिव्हाइस. १९८३ ला आरएस-४८५ आलं आणि तारांच्या एकाच जोडीवर ३२ जण बसायला लागले. जुनं एवढंच पुरे, आजच्या डोकेदुखीशी त्याचा फारसा संबंध नाही.

२०१२ च्या पहिल्या रास्पबेरी पायच्या चिपमध्येच यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारं सर्किट) दोन होते, एक नीट असलेला पीएल०११ आणि दुसरा कामचलाऊ मिनी यूआर्ट. बोर्डावरच्या जीपीआयओ १४-१५ या पिनांवर नीट असलेला मिळायचा, त्यामुळे त्याच पोर्टवर बसलेला लिनक्सचा कन्सोल बंद केला, मधे व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप टाकली की वजनकाटा असो नाहीतर मीटर, चालायचं. दुसरं डिव्हाइस आलं की यूएसबी कन्व्हर्टर.

मग २०१६ ला पाय ३ आला, त्यात ब्लूटूथ, आणि बनवणाऱ्यांनी पीएल०११ सरळ ब्लूटूथला देऊन टाकला, पिनांवर आला मिनी यूआर्ट. मिनी यूआर्टचा बॉडरेट, म्हणजे डेटाचा वेग, चिपच्या कोर क्लॉकवरून ठरतो, लोडप्रमाणे क्लॉक हलला की पोर्टवर कचरा, म्हणून क्लॉक बांधून ठेवावा लागला. वर त्याला पॅरिटीच (चूक पकडायचा जादा बिट) नाही! मीटर ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबस आरटीयूची डीफॉल्ट पॅरिटी इव्हन, म्हणजे मीटरवाल्यांचं कामच थांबलं. ब्लूटूथला वेगवान, भरवशाचा पोर्ट लागतो हे मान्य, पण ज्याला ब्लूटूथ नकोच होतं त्यानेच ओव्हरले (हार्डवेअरची मांडणी बदलणारी सेटिंग) शोधून ब्लूटूथ बंद करत बसायचं हे काही पटत नाही. नंतर सिरियल० नावाचं टोपणनाव दिलं, पिनांवर जो यूआर्ट असेल त्याच्याकडे बोट दाखवणारं. नाव सारखं राहिलं, पॅरिटी काही आली नाही.

यूएसबीवाल्यांचं दुखणं वेगळं. सीएच३४० चिपच्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये वेगळा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे रिबूटनंतर यूएसबी० आणि यूएसबी१ या पोर्टच्या नावांची अदलाबदल होऊ शकते आणि काट्याचं वजन मीटरच्या खात्यात. शेवटी कुठल्या भोकात काय खुपसलंय त्यावरून यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइसला नाव देणारा भाग) नियम लिहायचा, आणि मग कोणाला प्लग हलवू द्यायचा नाही.

२०१९ च्या पाय ४ मध्ये आणखी चार पीएल०११ आले, पण पिना वाटून घ्यायच्या, यूआर्ट४ चालू केला की एसपीआय या दुसऱ्या जोडणीच्या दोन गेल्या. आणि २०२३ च्या पाय ५ वर डीबगसाठी वेगळा तीन पिनांचा कनेक्टर दिला, सिरियल० मुळात तिकडेच जातं, म्हणून जुनी स्क्रिप्ट तशीच उचलून टाकली तर १४-१५ वर काहीच येत नाही, तिथे सिरियल० ऐवजी पोर्टचं खरं नाव एएमए० लिहावं लागतं.