तंतुकणिका म्हणजे नुसतं ‘पॉवरहाऊस’ नव्हे
शाळेतल्या आकृतीत तंतुकणिका पेशीद्रवात एकटीच तरंगते आणि ‘पेशीचं पॉवरहाऊस’ एवढीच तिची ओळख मनात बसते. ती अपुरी आहे. तंतुकणिका आंतर्द्रव्यजालिकेला, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या आणि कॅल्शियम साठवणाऱ्या पेशीतल्या जाळ्याला, जागोजागी खेटून असते. अंतर जेमतेम 10 ते 30 नॅनोमीटर, पण दोघांची पटलं (आवरणं) एकजीव होत नाहीत. जालिकेत चुकीच्या घडीची प्रथिनं साचून ताण आला की या सांध्यांतूनच कॅल्शियम तंतुकणिकेत शिरतं. थोडं शिरलं तर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं. अति आणि सतत शिरलं तर पटलात छिद्र उघडतं, सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडतं नि पेशी स्वतःला संपवते. निरोप तोच, मात्रा वेगळी! या सांध्यात आणि तंतुकणिकांच्या आपसातल्या विलीनीकरणातही लागणाऱ्या मायटोफ्युसिन-2 या प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला तर शार्को-मारी-टूथ 2ए हा चेतातंतूंचा आनुवंशिक आजार होतो. त्यात सर्वांत लांब चेतातंतू आधी झिजतात, म्हणून अशक्तपणा पावलांपासून सुरू होतो.