स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याची घरे, मुंबई

कामधंद्यासाठी शहरात आलेल्या, पण तिथे घर विकत घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेल्या कामगाराला मिळकतीला झेपेल अशा भाड्यात खोली, निदान झोपण्यापुरती जागा मिळावी यासाठी आखलेली धोरणे आणि कामगारांनी स्वतः उभ्या केलेल्या व्यवस्था, असा या विषयाचा आवाका आहे. मुंबईत या दोन्ही गोष्टींना शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. त्यात कामगारांची व्यवस्था बहुतेक वेळा धोरणाच्या पुढे राहिली.

1896 च्या प्लेगने गिरणी कामगारांच्या कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष वेधले आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे 207 चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची आणि शौचालये मजल्यावर सामाईक. सुरुवातीला यातल्या पुष्कळ खोल्या ओसच राहिल्या, कारण भाडे कामगाराच्या हिशेबात बसत नव्हते आणि तेव्हाची वरळी गिरण्यांपासून आडबाजूला होती. भाडे आणि कामापासूनचे अंतर या दोन कसोट्यांवर पुढची जवळजवळ प्रत्येक योजना तपासून पाहता येते.

गिरणगावातली खरी सोय होती ती गावकीच्या खोल्यांची. कोकण, सातारा, कोल्हापूर भागातल्या एकेका गावाची माणसे मिळून लालबाग-परळकडे एखादी खोली घेत आणि दरमहा वर्गणी काढून भाडे भरत. भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, खुंटीवर कपडे, कोपऱ्यात वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीवाला त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळीत. बहुतेक खानावळी बायका घरातच चालवत आणि जेवणाचे पैसे पगार झाल्यावर चुकते होत. गावाहून आलेल्या नव्या पोराला ना डिपॉझिट लागे ना ओळखपत्र. गावचा असणे पुरे. धोबीतलाव परिसरात गोवेकरांचे ‘कूड’, म्हणजे गावागावाची सामाईक निवासस्थाने, याच रीतीने चालत, आणि तिथे जहाजावरचे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात उतरत. या खोल्यांत दाटी होती, आजारपणेही होती, हे नाकारता येणार नाही. पण माणसाला अख्ख्या खोलीच्या नव्हे तर झोपण्याच्या जागेच्या हिशेबाने, कामाच्या शेजारी आणि उधारीवर राहता येत होते. एवढे मोठे काम कोणत्याही सरकारी योजनेने पुढे केले नाही.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली. भाडेकरूला त्याने आधार दिला, पण भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे मालकांना परवडेनासे झाले. जुन्या चाळींची डागडुजी थांबली, पागडी (खोली ताब्यात देताना घ्यायची एकरकमी रक्कम) रुळली. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने नियमित भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. व्यवहारात मात्र आता 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार चालतो. त्यासाठी डिपॉझिट आणि दलाली एकरकमी द्यावी लागते, शिवाय कागदपत्रे लागतात. नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळवणाऱ्याजवळ हे काही नसते. म्हणून तो झोपडपट्टीत वरच्या माळ्यावर पोटभाडेकरू होतो, तिघाचौघांत खोली वाटून घेतो, नाहीतर कारखान्यात किंवा हॉटेलातच झोपतो. बांधकाम मजुरांना तात्पुरती मोफत निवासाची सोय देणे 1996 च्या कायद्याने काम देणाऱ्या मालकाचे कर्तव्य आहे. साइटवरच्या पत्र्याच्या वसाहती त्यातूनच येतात आणि इमारत पुरी झाली की उठतात.

झोपडपट्टी पुनर्वसनाचा या भाडेकरूला काहीच उपयोग होत नाही. तिथली पात्रता ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा आणि तळमजल्याची झोपडी यांवर ठरते आणि मिळते ते मालकीचे घर. 160 चौरस फुटांचा आकडा 2008 मध्ये पुन्हा आला. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेत विकासकाला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी देऊन त्या बदल्यात एवढ्या आकाराची घरे घ्यायची होती. पाच वर्षांत पाच लाख घरांचे लक्ष्य होते. जागा मिळाल्या त्या मुख्यतः ठाणे, पनवेलकडे, आणि कामगाराचे काम तर शहरात. पनवेलजवळच्या कोन येथील घरे शेवटी दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना सोडतीने विकण्यात आली. भाड्यासाठी बांधलेले घर अखेर मालकीचेच झाले. बीडीडी चाळींचेही तेच: पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. त्या कुटुंबांसाठी हा न्यायच आहे. मात्र शहराचा सार्वजनिक भाड्याच्या घरांचा साठा त्यासोबत घटतो.

2020 च्या टाळेबंदीत लाखो मजूर शहरे सोडून चालत निघाले, तेव्हा भाड्याचा प्रश्न देशाला दिसला. जुलै 2020 मध्ये केंद्राने प्रधानमंत्री आवास योजनेखाली परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना मंजूर केली. रिकामी सरकारी घरे 25 वर्षांसाठी चालवायला देणे किंवा सरकारी वा खासगी संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर नवी संकुले बांधणे, असे तिचे दोन मार्ग. खोल्यांसोबत सामाईक निवासातल्या खाटाही त्यात धरल्या आहेत, ही तिची सर्वांत शहाणी बाजू. चंडीगड, सुरत, अहमदाबाद येथे रिकामी घरे भाड्याने गेली. 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा असल्याने आपोआप लागू होत नाही.

मुंबईत अडचण जमिनीच्या किमतीची. इथे खासगी विकासकाला विक्रीपेक्षा भाडे कधीच किफायतशीर ठरत नाही. घरे नाहीत असे मात्र नाही: 2011 च्या जनगणनेत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी आढळली. महाराष्ट्राच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात औद्योगिक कामगार, नोकरदार महिला आणि विद्यार्थी यांच्या भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. धारावी पुनर्विकासात वरच्या माळ्यांवरील आणि 2011 नंतरच्या रहिवाशांना धारावीबाहेर, भाड्याने व पुढे भाडेखरेदीने (भाडे भरत भरत शेवटी घर विकत घेण्याच्या पद्धतीने) घरे देण्याचे ठरले आहे. म्हणजे झोपडपट्टीतल्या पोटभाडेकरूची सरकारदरबारी नोंद होते, तीही त्याला कामापासून लांब नेण्याच्या अटीवर.