शॉर्ट ओव्हनमध्ये दिसतो, होतो मात्र छपाईत

सर्किट बोर्डावर दोन पिनांमध्ये सोल्डरचा शॉर्ट, म्हणजे नको असलेला जोड दिसला, की बहुतेक ठिकाणी पहिला हात जातो रिफ्लो ओव्हनच्या, म्हणजे सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीच्या तापमानाकडे. पाच-दहा अंश वर-खाली केले जातात. एक दोष जातो, दुसरा उगवतो. खरे तर आधी तपासायला हवा तो बोर्डावर सोल्डरची पेस्ट छापणारा प्रिंटर. सरफेस माउंट जोडणीतले (भाग बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करण्याच्या पद्धतीतले) बरेचसे दोष तिथेच तयार होतात, ओव्हन त्यांना फक्त पक्के करतो.

सोल्डर पेस्टमध्ये वजनाने सुमारे 88 ते 90 टक्के धातूची भुकटी असते, उरलेला फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून सोल्डर नीट चिकटू देणारे रसायन. फ्लक्स हलका, त्यामुळे आकारमानाने धातू जेमतेम निम्माच भरतो. शिसेविरहित पेस्टमध्ये सर्वाधिक चालणारा मिश्रधातू म्हणजे सॅक 305 : 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी, 0.5 टक्के तांबे. तो 217 ते 220 अंश सेल्सिअसला वितळतो.

पेस्टचा डबा फ्रिजमध्ये साधारण 2 ते 10 अंशांना ठेवतात. वापरण्याआधी तो झाकण न उघडता किमान चार तास बाहेर राहू द्यावा. घाईने गार डबा उघडला, तर हवेतले बाष्प पेस्टवर जमते. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि सोल्डरचे बारीक मणी आजूबाजूला उडतात. डबा हीटरजवळ ठेवून वेळ वाचवू नये, त्याने फ्लक्स सुटा होतो. छपाईच्या खोलीत आर्द्रता 40 ते 60 टक्के हवी. पुण्यात किंवा कोकणपट्टीत पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून हे जमणारच नाही. ओलसर हवेत पेस्ट पसरते, पॅडच्या (भाग जिथे सोल्डर होतो त्या तांब्याच्या जागेच्या) कडा ओलांडते आणि शेजारच्या पॅडला भिडते. फार कोरड्या हवेत उलटे होते : पेस्ट स्टेन्सिलच्या, म्हणजे ज्या छिद्रांच्या पत्र्यातून ती छापतात त्याच्या छिद्रातच सुकते.

आता स्टेन्सिल. छिद्राच्या तोंडाचे क्षेत्रफळ भागिले त्याच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ, हे गुणोत्तर 0.66 किंवा जास्त असावे. त्याहून कमी असेल तर पेस्ट पॅडवर उतरण्याऐवजी भिंतीला चिकटून राहते. गोल छिद्रासाठी हिशेब सोपा आहे : व्यास भागिले जाडीची चौपट. 0.3 मिमी छिद्र आणि 0.12 मिमी जाड पत्रा घेतला तर उत्तर 0.625, म्हणजे अपुरे. तेच छिद्र 0.1 मिमी पत्र्यात 0.75 येते आणि पेस्ट नीट सुटते. बारीक बीजीएच्या (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिपच्या) जागी पेस्ट कमी पडत असेल, तर प्रिंटरची सेटिंग्ज बदलण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

स्क्वीजीचे, म्हणजे स्टेन्सिलवरून पेस्ट ओढणाऱ्या पट्टीचे पाते स्टीलचे, 60 अंशांच्या कोनात. दाबाची सुरुवात पात्याच्या दर सेंटिमीटरला सुमारे 0.2 किलोने करावी, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पात्याला साधारण 6 किलो. पाते फिरल्यावर स्टेन्सिल स्वच्छ दिसायला हवी. पेस्टचा थर मागे राहिला तर दाब कमी आहे. दाब जास्त झाला, तर पाते मोठ्या छिद्रांतली पेस्ट खरवडून काढते आणि उरलेली स्टेन्सिलखाली ढकलते.

शॉर्ट कुठे येतो, हे नोंदवून ठेवणे फार मोलाचे आहे. दर बोर्डावर त्याच जागी येत असेल, तर तिथे बोर्डाखाली आधाराची पिन नाही किंवा छिद्र मोठे आहे. 0.5 मिमी पिचच्या (लगतच्या पिनांमधल्या अंतराच्या) आयसीसाठी छिद्राची रुंदी पॅडपेक्षा दहा टक्क्यांनी कमी ठेवल्यास बराच फरक पडतो. शॉर्ट जागा बदलत असेल, तर स्टेन्सिलची खालची बाजू पुसायची राहिली आहे. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्याच बोर्डांवर पेस्ट कमी उतरली, तर छिद्रांत ती सुकली आहे.

छोटा चिप कपॅसिटर एका टोकावर उभा राहतो, तो दोष वेगळा. एका पॅडवरचा सोल्डर आधी वितळला, की त्याचा पृष्ठताण चिपला आपल्याकडे ओढतो. एक पॅड ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला थेट जोडलेला असेल, तर तो उशिरा तापतो. तिथे डिझाइनमध्येच थर्मल रिलीफ, म्हणजे पॅड आणि मोठ्या तांब्यात फक्त अरुंद पट्ट्यांची जोड द्यावी लागते. दोन पॅडवर पेस्ट असमान पडली किंवा चिप सरकून बसली, तरी हेच घडते. ओव्हनच्या बाजूने एकच उपाय उरतो : वितळण्याआधी 150 ते 200 अंशांदरम्यान 60 ते 120 सेकंद द्यावेत, म्हणजे सगळा बोर्ड जवळपास सारखा तापतो. शिखर तापमान 235 ते 250 आणि 217 च्या वरचा काळ 45 ते 90 सेकंद, ही नेहमीची मर्यादा. पेस्टच्या डेटाशीटमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच पाळावेत. ओव्हनच्या पडद्यावर दिसते ते हवेचे तापमान. बोर्डाचे मोजायला के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या भागाजवळ लावावे.

पैसे मोजकेच असतील, तर जास्त झोनचा (वेगवेगळ्या तापमानाच्या कप्प्यांचा) ओव्हन घेण्याआधी लेझरने कापलेली चांगली स्टेन्सिल, बोर्डाला खालून पक्का आधार देणारा प्रिंटर आणि एक स्टिरिओ मायक्रोस्कोप घ्यावा. पेस्टची उंची मोजणारे थ्रीडी यंत्र उत्पादन वाढल्यावर घेता येते. चुकीचा छापलेला बोर्ड ओव्हनआधी हाती लागला, तर पेस्ट धुऊन तो पुन्हा छापता येतो. धुताना मात्र व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी बारीक छिद्रे) आणि पॅडच्या फटींत धातूचे कण अडकलेले नाहीत, हे भिंगाखाली पाहूनच बोर्ड पुन्हा लाइनवर चढवावा.