दोन वर्षांची बेगमी: अमेरिकी नेमबाज काडतुसांचे साठे का करू लागले

जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या अरोरा इथं चित्रपटगृहात गोळीबार झाला. आरोपीनं इंटरनेटवरून सुमारे ६,००० काडतुसं मागवली होती असं पोलिसांनी सांगितलं आणि त्या आकड्यावरच मथळे झाले. काडतुसांच्या ऑनलाइन विक्रीवर बंधनं घालणारं विधेयक त्याच महिन्यात आलं. ते पुढे सरकलं नाही. छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्यांना त्या घटनेत धक्का बसण्यासारखं पुष्कळ होतं, पण ६,००० हा आकडा त्यात नव्हता.

हिशेब साधा आहे. पिस्तुलाच्या स्थानिक स्पर्धेत एका दिवसात दीडशेच्या आसपास काडतुसं उडतात. महिन्याला एक स्पर्धा आणि शंभर-शंभर गोळ्यांचे दोन सराव धरले, तर वर्षाची गरज चार हजारांवर जाते. मातीच्या उडत्या चकत्यांवर शॉटगन चालवणाऱ्यांची एक फेरी २५ काडतुसांची असते आणि एका दिवसात चार फेऱ्या सहज होतात. त्यामुळे ही मंडळी खरेदीही घाऊक करतात: पिस्तुलाची हजारांची पेटी, पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसांची, पाचशेची ‘ब्रिक’ किंवा दहा ब्रिकची पेटी. कोरड्या, थंड जागी ठेवलं तर काडतूस कित्येक दशकं टिकतं. म्हणजे नासण्याच्या भीतीनं साठ्याला आळा बसत नाही.

कायद्यानंही फारसा बसत नाही. ब्रिटनमध्ये रायफलवाल्याच्या प्रमाणपत्रावरच तो किती काडतुसं बाळगू शकतो ते लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात अशी मर्यादा नाही. १९६८ च्या कायद्यानं दुकानदारांना काडतूसविक्रीच्या नोंदी ठेवायला लावलं होतं. १९८६ मध्ये ते बंधन गेलं. मॅसॅच्युसेट्ससारखी काही राज्यं अग्निसुरक्षेच्या नियमांतून परवान्याविना ठेवता येणाऱ्या संख्येला मर्यादा घालतात, पण ते अपवाद. घराघरांत एकूण किती माल पडून आहे हे त्यामुळे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, आणि या विषयावर जो कोणी छातीठोकपणे आकडा सांगतो त्याच्याकडे जरा संशयानंच पाहावं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात कारखाने लष्करासाठी राबू लागले आणि शिकारीची काडतुसं बाजारातून जवळपास गायब झाली. युद्धानंतर उरलेली बंदुकीची दारू स्वस्तात विकायला निघाली, आणि वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), नवी दारू, नवी गोळी बसवून घरीच काडतूस भरण्याचा उद्योग फोफावला. १९९४ मध्ये ठरावीक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी येण्याच्या सुमाराला प्रायमरची धावाधाव झाली. शीतयुद्ध संपल्यावर रशिया आणि पूर्व युरोपातून स्वस्त काडतुसांचा पूर आला. तोवर साध्या शिकाऱ्याचा साठा म्हणजे हंगामापुरती दोन-तीन खोकी, आणि स्पर्धकाचा साठा म्हणजे पुढच्या दोन-तीन महिन्यांची सोय. संपलं की दुकानात जायचं. दुकानात माल असायचाच.

हे गृहीतक नोव्हेंबर २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर मोडलं. १९९४ च्या बंदीची मुदत २००४ मध्ये संपली होती. नवं सरकार ती परत आणणार, या धास्तीनं लोक दुकानांकडे धावले. त्यात मार्च २००९ मध्ये लष्करानं वापरून टाकलेल्या पुंगळ्या यापुढे चेचूनच भंगारात काढायच्या असा निर्णय झाला. या पुंगळ्या विकत घेऊन पुन्हा भरणारे छोटे उत्पादक आणि घरी भरणारे हजारो लोक हादरले. माँटानातल्या दोन सिनेटरांनी पत्र लिहिलं आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. प्रत्यक्ष तुटवड्यात त्याचा वाटा नगण्य. पण पुरवठ्याचा एक नळ कार्यालयातल्या एका कागदानं बंद होऊ शकतो, हे भरणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या शाळेतल्या हत्याकांडानंतर बंदीची चर्चा पुन्हा पेटली आणि दुसरी, जास्त लांबलेली टंचाई सुरू झाली. तिच्याविषयी बोलताना आजही एक वाद निघतोच: सरकारनंच काडतुसं उचलली म्हणून बाजार कोरडा पडला का?

वादाचं मूळ निविदांच्या भाषेत आहे. देशांतर्गत सुरक्षेच्या संघीय खात्यानं मार्च २०१२ मध्ये पॉइंट फोर्टी पिस्तुलाच्या काडतुसांचं पाच वर्षांचं कंत्राट दिलं. त्यात ४५ कोटी ‘पर्यंत’ असा आकडा होता. पुढच्या वर्षी अशा वेगवेगळ्या कंत्राटांची बेरीज करून १६० कोटी हा आकडा बातम्यांत आला, आणि ‘पर्यंत’ हा शब्द वाटेत गळून पडला. या पद्धतीच्या कंत्राटात खातं सगळा माल एकदम विकत घेत नाही. भाव ठरवून घेतला जातो, कमाल प्रमाण लिहून ठेवलं जातं, आणि मुदतीत लागेल तशी मागणी नोंदवली जाते. कमाल आकडा जाणूनबुजून मोठा ठेवतात, कारण तो ओलांडला तर नवी निविदा काढावी लागते. तरीही देशातल्या माणशी पाच काडतुसं भरतील एवढा हा आकडा ऐकून लोकांच्या पोटात गोळा आला, तर त्यांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. खात्यानं सुरुवातीला खुलासाही धड केला नाही. प्रशिक्षणाला लागतात, घाऊकीत स्वस्त पडतात, एवढंच सांगितलं. संसदेत सुनावणी झाली, सरकारी संस्थांच्या खरेदीवर टाच आणणारं विधेयक आलं.

जानेवारी २०१४ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यातून दिसलं की खात्याची प्रत्यक्ष खरेदी २००८ ते २०१३ या आर्थिक वर्षांत वर्षाला सरासरी १०.९ कोटी काडतुसांची होती, आणि २००९ नंतर ती उतरत गेली होती. म्हणजे ज्या काळात दुकानं रिकामी झाली त्या काळात सरकार आधीपेक्षा कमी घेत होतं. आरोपातला मुख्य भाग तिथंच संपायला हवा होता. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता, ज्याच्याकडे माझ्या मते पुरेसं लक्ष गेलं नाही: ऑक्टोबर २०१३ मध्ये खात्याच्या गोदामांत सुमारे १५.९ कोटी काडतुसं होती, म्हणजे अंदाजे २२ महिन्यांचा साठा. पुरवठा अनिश्चित असतो, मागणी नोंदवल्यापासून माल यायला महिनोन्महिने जातात, म्हणून एवढं हाताशी ठेवणं हे खात्याच्या दृष्टीनं सामान्य नियोजन. नेमक्या त्याच कारणासाठी दीड-दोन वर्षांचे आठ हजार राउंड (काडतुसं) कपाटात ठेवणाऱ्या स्पर्धकाला मात्र साठेबाज म्हटलं जात होतं. प्रमाणाच्या हिशेबात दोघांत फरक शोधून सापडत नाही.

जिथं खरी कोंडी झाली ते पॉइंट टू-टूचं काडतूस सरकारी कंत्राटांत जवळपास नव्हतंच. हे सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जास्त उडवलं जाणारं, नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा येणारं काडतूस. त्यात प्रायमरचं रसायन वेगळ्या टोपीत नसतं. पुंगळीच्या तळाच्या कडेत, आत पसरवलेलं असतं, आणि घोडा ती कड चेपतो तेव्हा ते पेटतं. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही. पिस्तुलवाला पुंगळ्या वेचून घरी भरू शकतो, पॉइंट टू-टूवाल्याला कारखान्याशिवाय गत नाही. आणि कारखान्यांनी हात आखडता ठेवला. यंत्रं तीन पाळ्यांत चालली, पण नव्या यंत्रसामग्रीत मोठा पैसा घालायला बहुतेक जण सहजी तयार नव्हते. धास्तीतून आलेली मागणी धास्तीबरोबरच ओसरते, हे त्यांनी २००९ नंतर पाहिलं होतं. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही, पण त्याची किंमत नेमबाजांनी मोजली.

जानेवारी २०१३ मध्ये एका मोठ्या किरकोळ साखळीनं गिऱ्हाईकामागे दिवसाला तीन खोक्यांची मर्यादा घातली. मालाचा ट्रक कोणत्या दिवशी येतो याची माहिती काढून लोक सकाळी सकाळी दाराशी उभे राहू लागले. वीसेक डॉलरांची ब्रिक पन्नासला आणि त्याच्याही वर पुन्हा विकली जाऊ लागली. रायफलींची दुकानं पुन्हा भरली, पिस्तुलाची काडतुसं परतली, पण पॉइंट टू-टू २०१६ पर्यंत रडतखडतच मिळत राहिलं. मर्यादेनं साठे थांबले का? उलटच झालं असावं. ज्याला एरवी महिन्यातून एकदा एक ब्रिक पुरायची, तोही दिसेल तेव्हा तीन खोकी उचलू लागला. लागतात म्हणून नव्हे, पुढच्या वेळी दिसतील याचा भरवसा नाही म्हणून. लाखो घरांत पाचशेच्या जागी दोन हजार जाऊन बसली की कोणीही एकटा माणूस दोषी न ठरता फळ्या रिकाम्या होतात.

‘हाताशी किती असावं’ याचं उत्तर बदललं ते याच काळात. वर्षाच्या वापराएवढं, हे आधी हौशी स्पर्धकाचं वरचं टोक मानलं जाई. आता तो किमान आकडा झाला. मागची टंचाई जेवढी चालली तेवढ्या काळाची सोय हवी, असा हिशेब रुजला, आणि २०१३ च्या अनुभवावर तो दोन-तीन वर्षांवर जातो. सोबत एक घरगुती शिस्तही आली: शेवटची पेटी फोडायची नाही, उपान्त्य पेटी उघडली की नवी मागवायची.

नोव्हेंबर २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालानंतर बंदीची धास्ती एका रात्रीत गेली आणि मागणी कोसळली. दुकानं सवलती देऊ लागली, उत्पादकांच्या गोदामांत माल साचला. २०१७ ते २०१९ ही भरून ठेवायची वर्षं होती आणि ज्यांना २०१३ आठवत होतं त्यांनी भरून ठेवलं. बाकीच्यांनी, म्हणजे बहुतेकांनी, स्वस्ताई कायमची समजून गरजेपुरतं घेतलं.

मग तीन गोष्टी एकमेकींवर येऊन पडल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये देशातल्या सगळ्यांत मोठ्या किरकोळ साखळीनं टेक्सासमधल्या तिच्याच दुकानातल्या हत्याकांडानंतर पिस्तुलाची काडतुसं विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मार्च २०२० मध्ये महामारी आली, आणि त्या वर्षी शस्त्रखरेदीशी निगडित पार्श्वभूमी-तपासण्या जवळपास ३.९७ कोटींवर गेल्या, तोवरचा विक्रम. खरेदीदारांत लाखो लोक पहिल्यांदाच बंदूक घेणारे होते. प्रत्येकानं दोन-चार खोकी नेली तरी हिशेब कोट्यवधींत जातो. आणि जुलै २०२० मध्ये एक जुनी शस्त्र-काडतूस कंपनी दिवाळखोरीत गेली. आर्कान्सामधला तिचा काडतूस कारखाना त्याच वर्षी ८ कोटी १४ लाख डॉलरना विकला गेला. तो मोजक्या प्रायमर बनवणाऱ्यांपैकी एक होता. वीस सेंटच्या आसपास मिळणारं नऊ एमएम पिस्तुलाचं काडतूस २०२१ च्या सुरुवातीला साठ-सत्तर सेंटच्या पुढे गेलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये रशियावर निर्बंध जाहीर झाले आणि रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद झाले. स्वस्त पोलादी पुंगळीवाल्यांचा आधार गेला. युक्रेन युद्धानंतर तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि नायट्रोसेल्युलोज लष्करांकडे वळू लागलं. तेच दारूचा पाया असल्यानं २०२४ च्या सुरुवातीला दारूच्या जागतिक तुटवड्याचं कारण देत दरवाढ जाहीर झाली.

त्यामुळे अलीकडे प्रश्न फक्त काडतुसांचा राहिलेला नाही. भरणारे आता प्रायमर आणि दारू आधी साठवतात, कारण पुंगळ्या आणि गोळ्या जमवता येतात, शिशाची गोळी घरी ओतताही येते, प्रायमर मात्र कारखान्यातूनच यावा लागतो. हजाराला तीस-पस्तीस डॉलर असलेला प्रायमर २०२१ मध्ये शंभराच्या वर गेला आणि नंतर उतरला तरी जुन्या भावावर परतला नाही. इथं अग्निसुरक्षेची संहिता आड येते: राहत्या घरात १०,००० प्रायमर आणि मूळ डब्यांत २० पौंड दारू; त्यावर ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर इंचभर जाडीच्या फळ्यांची लाकडी पेटी. महिन्याला साडेतीनशे राउंड उडवणाऱ्याला १०,००० प्रायमर साधारण २८ महिने पुरतात.